रात्री पाय थांबत नाहीत: डायलिसिस, पायांची शिवशिव आणि चिंता

डायलिसिसच्या कुठल्याही वॉर्डात तिसऱ्या तासाच्या सुमारास एखादा रुग्ण चुळबूळ करायला लागतो. पाय पलंगाच्या कडेवर दाबून धरतो, एक पाय दुसऱ्यावर घासतो, कुशीवर वळू पाहतो, आणि शेवटी टेक्निशियनला म्हणतो, "भैया, आज थोड़ा जल्दी उतार दो." इंदूरला देवास, धार, महूहून पहाटे निघून येणारे रुग्ण असतात. ते दमलेले असतात, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटत नाही. घरीही रात्री तेच चालतं. सगळे झोपल्यावर हा माणूस हॉलमध्ये फेऱ्या मारत असतो आणि बायको आतून म्हणते, "अहो, किती मनाला लावून घेता? पडा आता."

घरच्यांचं निदान ठरलेलं असतं: घाबरलेत, चिंता करतात. कधी कधी डॉक्टरही तेच म्हणतात आणि चिंतेची गोळी सुरू होते. चिंता असतेही. पण फेऱ्या मारायला लावणारा आजार पुष्कळदा वेगळाच असतो. त्याला नाव आहे, त्याची ठराविक लक्षणं आहेत आणि त्यावर इलाज आहे. चिंतेवरच्या काही गोळ्यांनी तो वाढतो, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येणं डायलिसिसवरच्या प्रत्येक घराला गरजेचं आहे.

हा आजार नेमका कोणता?

याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. लेखात पुढे त्याला 'पायांची शिवशिव' म्हणू. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं आणि स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये तो स्वतंत्र आजार म्हणून मांडला. म्हणजे हे डायलिसिसचं नवं खूळ नाही. सर्वसामान्य लोकांत याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असतं. डायलिसिसवरच्या रुग्णांत मात्र साधारण पाचांतल्या एकापासून तिघांतल्या एकापर्यंत आढळतं.

निदानासाठी एमआरआय लागत नाही, प्रश्न विचारून ते होतं. पाय हलवावेत अशी अनावर ओढ लागते का? बसलं किंवा पडलं की ती वाढते का? चाललं, पाय ताणले की निदान तेवढा वेळ बरं वाटतं का? दिवसापेक्षा संध्याकाळी आणि रात्री जास्त त्रास होतो का? आणि याला दुसरं काही कारण नाही ना? पाचही उत्तरं जुळली तर हाच आजार असण्याची शक्यता मोठी आहे. आतून काय वाटतं ते प्रत्येक जण वेगळं सांगतो: पोटऱ्यांत किडे वळवळतात, हाडात खाजतं पण खाजवता येत नाही, कोणीतरी शिरा ओढतंय. काहींना दुखत नाहीच, फक्त पाय स्थिर ठेवणं असह्य होतं.

सगळा गोंधळ पाचव्या प्रश्नावर होतो, म्हणून तिथे जरा थांबू. पायात गोळा येणं वेगळं. त्यात पोटरीचा स्नायू दगडासारखा घट्ट होतो, जोराची कळ येते आणि ताणल्यावर सुटते. डायलिसिसमध्ये कमी वेळात जास्त पाणी काढलं की हे होतं. मधुमेहामुळे नसा खराब झाल्या असतील तर तळपाय जळतात, बधिर होतात, पण तो त्रास दिवसभर असतो आणि चालून कमी होत नाही. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर सगळंच उलट, चाललं की दुखतं आणि थांबलं की बरं वाटतं. आणि मळमळीवरच्या किंवा मानसिक आजारावरच्या काही औषधांनी सगळं शरीरच स्वस्थ बसू देत नाही. त्याला रात्रीची वेळ लागत नाही, ते दिवसाही तेवढंच असतं. एकाच माणसाला यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असू शकतात. मधुमेहींमध्ये तर ते नेहमीचंच आहे.

आणखी एक खूण जोडीदाराच्या लक्षात येते. यांतल्या बहुतेकांचे पाय झोपेतही दर २०–४० सेकंदांनी झटका दिल्यासारखे हलतात. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. सकाळी आपण आठ तास पडून होतो तरी अंग का मोडून आलंय, एवढंच त्याला कळत नाही.

किडनी गेली, पण त्रास पायांना का?

कारण पायांत कमी आणि मेंदूत जास्त आहे. हालचालींवर लगाम ठेवायला मेंदू डोपामिन नावाचं रसायन वापरतो. ते तयार करायला लोह लागतं. मेंदूच्या ठराविक भागांत लोह कमी पडलं की डोपामिनचा कारभार बिघडतो. रात्रीच्या वेळी डोपामिनचं काम तसंही मंदावतं, म्हणून त्रास दिवे मालवल्यावर वाढतो.

डायलिसिसवर लोह दोन वाटांनी कमी पडतं. प्रत्येक वेळी नळ्यांत आणि फिल्टरमध्ये थोडं रक्त अडकून राहतं, तपासण्यांसाठी वेगळं काढलं जातं, सुया काढल्यावर थोडं वाहतं. ही गळती वर्षभर चालू असते. दुसरी वाट अवघड आहे. शरीरात सतत धुमसणाऱ्या सुजेमुळे यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही, साठ्यातलं बाहेर पडू देत नाही. कोठार धान्याने भरलेलं आहे, पण कुलूप लागलंय आणि स्वयंपाकघरात चूल थंड आहे, अशी ती अवस्था. म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, रिपोर्टवर चांगला दिसूनही लोह कामाला येत नाही. सोबत टीसॅट बघावा लागतो. रक्तात फिरणाऱ्या लोहवाहकांपैकी किती टक्के खरोखर भरलेले आहेत, ते तो सांगतो.

लोह हे एकमेव कारण नाही. काही घराण्यांत हा आजार मुळातच असतो, आणि मूत्रपिंडं निकामी झाल्यावर रक्तात साठणाऱ्या द्रव्यांचाही हात असावा. पण लोह मोजता येतं आणि भरून काढता येतं, म्हणून ते तपासायचंच.

मग चिंता खोटी का?

अजिबात नाही. आठवड्यातून दोन-तीनदा जाड सुया, मध्येच घसरणारं बीपी, सुटलेली नोकरी, गाडीभाडं, आपण घरावर ओझं झालोय ही बोच. चिंता वाटायला एवढं पुरेसं आहे. त्यात पायांमुळे झोप गेली की दुसऱ्या दिवशी मन हळवं होतं, आणि मन ताणलेलं असलं की पायांकडे लक्ष जास्त जातं. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात.

मोजमाप करतानाही घोटाळा होतो. चिंता तपासायला जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली सगळीकडे वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, आणि १० किंवा जास्त झाले तर पुढे तपासायचं. त्यातला एक प्रश्न साधारण असा आहे की, एका जागी बसणं कठीण व्हावं इतकी अस्वस्थता वाटते का. आणखी दोन प्रश्न निवांत होता येत नाही का आणि लवकर चिडता का, असे आहेत. पायांची शिवशिव असलेला माणूस मनाने शांत असला तरी या तीन प्रश्नांत सहा-सात गुण सहज मिळवतो. म्हणून प्रश्नावली भरून घेणाऱ्याने तिथेच विचारावं: बसवत नाही ते पायांमुळे, की डोक्यात विचार फिरतात म्हणून? रुग्णाला हा फरक बरोबर सांगता येतो, पण विचारलं तरच.

काही त्रास चिंतेसारखे दिसतात पण मनाचे नसतात आणि पायांचेही नसतात. ते ओळखायला उशीर झाला तर जीवावर बेततं. रात्री आडवं पडलं की गुदमरतं आणि उठून बसलं की बरं वाटतं, हे बहुतेक वेळा साठलेल्या पाण्याचं लक्षण. सकाळच्या पोह्यांवर मूठभर शेव, दुपारी पुन्हा नमकीन, मग तहान, मग दोन डायलिसिसच्या मध्ये तीन-चार किलो वजन. या साखळीतली पहिली कडी इंदूरच्या घरात लक्षातच येत नाही. छातीत धडधड आणि हातापायांतला जोर गेल्यासारखं वाटणं, विशेषतः दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतर, हे पोटॅशियम वाढल्याचं असू शकतं. तेव्हा सकाळची वाट न बघता सरळ इमर्जन्सीला जायचं. हिवाळ्यात गराडूच्या दिवसांत हे विसरू नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. इन्सुलिन घेणाऱ्याला दरदरून घाम आणि थरथर सुटली तर आधी साखर मोजा. मूत्रपिंडं काम करत नसली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, आणि जुना डोस अचानक जड पडतो.

दिलेल्या गोळीनेच त्रास वाढला, असं होतं का?

होतं, आणि ही गोष्ट रुग्णांपर्यंत फार कमी पोहोचते. डायलिसिसच्या रुग्णाला खाज सुटते म्हणून एविल किंवा अटारॅक्स मिळतं. मळमळते म्हणून पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिल. झोप येत नाही म्हणून अमिट्रिप्टिलीन. उदास आहे, चिंता करतो म्हणून एसिटालोप्राम, सर्ट्रालीन किंवा मिर्टाझापीन. प्रत्येक गोळीमागे रास्त कारण आहे, पण यांतली प्रत्येक गोळी पायांची शिवशिव वाढवू शकते. मळमळीच्या त्या दोन गोळ्या थेट डोपामिनचाच मार्ग अडवतात. गुंगी आणणारी खाजेची औषधं तर फार फसवी. डोळे मिटायला लागतात आणि पाय मिटू देत नाहीत.

याचा अर्थ गोळ्या आज रात्री फेकून द्यायच्या असा नाही. उदासीनतेची औषधं एकदम थांबवली तर चक्कर, घाबरेपणा येतो आणि मूळ आजार उसळतो. अशा औषधाने मनाला खरंच आराम पडला असेल तर डॉक्टर ते चालू ठेवून पायांचा वेगळा इलाजही करू शकतात. विचारायचं ते एवढंच: गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पायांचा त्रास वाढला का? पर्याय असतात. मळमळीसाठी ओन्डान्सेट्रॉन डोपामिनला हात लावत नाही, मात्र हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ईसीजी बघून देतात. आणि डायलिसिसच्या खाजेवर ज्या गॅबापेंटिनचा उपयोग होतो, तेच पायांच्या शिवशिवीवरही चालतं. एका औषधात दोन कामं होऊन दोन गोळ्या कमी होऊ शकतात.

झोपेसाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम घरोघरी असतात. त्यांनी झोप लागते, पण पायांचा मूळ त्रास तसाच राहतो. सवय लागते, रात्री बाथरूमला जाताना तोल जातो आणि घोरणाऱ्या माणसाचा श्वास आणखी अडतो.

इलाज कुठून सुरू करायचा?

त्रास वाढवणारी गोळी शोधून झाली की हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीसॅट. रक्त डायलिसिस सुरू होण्यापूर्वी द्यायचं, आणि लोहाचं इंजेक्शन घेतल्यावर निदान आठवडाभर थांबून, नाहीतर आकडे फुगलेले येतात. अमेरिकन झोपवैद्यक अकादमीच्या २०२५ च्या मार्गदर्शनात डायलिसिसच्या पातळीला गेलेल्या रुग्णांसाठी असं सुचवलंय की फेरिटिन २०० च्या खाली आणि टीसॅट २० टक्क्यांच्या खाली असेल तर शिरेतून आयर्न सुक्रोज द्यावं. ते डायलिसिस चालू असतानाच मशीनच्या नळीतून देतात. नेहमीची पद्धत म्हणजे एका वेळी १०० मिलिग्रॅम, असे दहा वेळा, एकूण १००० मिलिग्रॅम. ताप असेल, कॅथेटरला (डायलिसिससाठी शिरेत बसवलेल्या नळीला) संसर्ग असेल तर थांबतात, कारण लोह जंतूंनाही लागतं. लोहाच्या तोंडी गोळ्यांचा डायलिसिसवर फारसा उपयोग होत नाही. हेपसिडिन आतड्याचं दार लावून बसलेलं असतं, आणि फॉस्फरस कमी ठेवायला जेवणासोबत घेतलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या उरलेलं लोह धरून ठेवतात.

दुसरी गोष्ट पूर्ण वेळ बसणं. पाय शिवशिवतात म्हणून अर्धा तास आधी उतरणारे रुग्ण सगळ्या सेंटरांत असतात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असेल तर महिन्यात साधारण आठ वेळा होतं. दर वेळी अर्धा तास म्हणजे चार तास, म्हणजे महिन्याला एक अख्खं डायलिसिस बुडालं. वाढवलेल्या डायलिसिसने शिवशिव जाईलच असं नाही, पण बुडवलेल्याने बाकी सगळं बिघडतं. त्याऐवजी शिफ्ट बदलून मागा. संध्याकाळची शिफ्ट या रुग्णांना सगळ्यात वाईट, कारण त्रासाची वेळ आणि बांधून बसायची वेळ एकच होते.

डायलिसिस चालू असताना पलंगावरच बरंच करता येतं. पलंगाच्या पायथ्याशी घट्ट उशी किंवा फळी ठेवून त्यावर तळवे दाबायचे, दहापर्यंत मोजून सोडायचे. पंजे स्वतःकडे ओढून पोटऱ्या ताणायच्या. पलंगावर ठेवायची पॅडल सायकल असेल तर पहिल्या दोन तासांत चालवायची. नंतर पाणी बरंच निघून गेलेलं असतं आणि बीपी पडू शकतं. डायलिसिस चालू असताना केलेल्या अशा व्यायामाने शिवशिव कमी होते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. फिस्टुलाचा हात, म्हणजे शस्त्रक्रियेने जोडलेल्या ज्या शिरेत डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात, मात्र हलवायचा नाही. पाय आवरताना झटक्यात सुई सरकली तर हात सुजून काळानिळा होतो आणि पुढचे अनेक दिवस त्या जागी सुई टोचता येत नाही. मन गुंतवणारं काम, पत्त्यांचा डाव, शब्दकोडं किंवा शेजारच्या पलंगाशी रंगलेल्या गप्पा, यांनीही पाय शांत राहतात. टीव्हीकडे नुसतं बघत बसण्याचा तेवढा उपयोग होत नाही.

घरी संध्याकाळचा चहा-कॉफी आणि तंबाखू बंद करून दोन आठवडे बघा. झोपण्यापूर्वी पोटऱ्या चोळणं, गरम पाण्यात पाय सोडणं चालेल, पण मधुमेहात तळपायाला चटका कळत नाही. पाणी आधी दुसऱ्या कोणीतरी कोपर बुडवून बघावं.

औषधांत जपायचं काय?

गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतात. निरोगी माणसाच्या शरीरातून गॅबापेंटिनचा अर्धा भाग ५ ते ७ तासांत जातो. मूत्रपिंडं बंद असतील आणि मध्ये डायलिसिस झालं नाही, तर त्याच अर्ध्या भागाला सुमारे १३२ तास लागतात, म्हणजे साडेपाच दिवस. म्हणून सुरुवात १०० मिलिग्रॅमने आणि तीही डायलिसिस संपल्यावर. आधी घेतली तर मशीन ती धुऊन काढतं. डोस वाढवायचा तर सावकाश, बहुधा ३०० च्या पुढे नाही. डायलिसिस नसलेल्या दिवशी घ्यायची की नाही हे डॉक्टरांनाच विचारा.

चूक कुठे होते ते सांगायला हवं. पाय दुखतात म्हणून रुग्ण जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, डायलिसिसचं सांगायचं राहतं आणि प्रेगाबालिन ७५ सकाळ-संध्याकाळ लिहून मिळतं. तीन-चार दिवसांत माणूस बरळायला लागतो, हात झटके देतात, तोल जातो. घरच्यांना वाटतं, लकवा मारला. असं दिसलं तर गोळी पुढे न देता लगेच डायलिसिसच्या डॉक्टरांना कळवा. हे औषध डायलिसिसने निघतं.

प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही डोपामिनसारखं काम करणारी औषधं सुरुवातीला जादूसारखी लागू पडतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तीच उलटतात: रात्री दहाला सुरू होणारा त्रास संध्याकाळी पाचलाच सुरू होतो, हातांतही चढतो, डोस वाढवला की आणखी लवकर येतो. काहींना जुगाराची, बेभान खरेदीची अनावर ओढ लागते आणि रुग्ण ते घरी लपवतो. म्हणून ही औषधं आता पहिली निवड राहिलेली नाहीत. आधीपासून चालू असतील तर एकदम बंद करू नका, बदल डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने करायचा असतो.

किडनी प्रत्यारोपणानंतर पुष्कळ रुग्णांची शिवशिव काही आठवड्यांत ओसरते.

"केळं खा, गोळे थांबतील" आणि असे इतर सल्ले

निरोगी माणसाला दिलेला सल्ला डायलिसिसवर विष ठरू शकतो. एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम, एका शहाळ्याच्या पाण्यात ५०० ते ६००. मॅग्नेशियमची पावडर शरीरात साठते. भस्मांतले धातू बाहेर पडायला वाट नसते. क जीवनसत्त्वाचा काही रुग्णांना उपयोग होतो, पण ते जास्त झालं तर त्याचं ऑक्झलेट होऊन साठतं, म्हणून तेही विचारूनच. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचा शिवशिवीवर उपयोग नाही. पोटात रक्तस्राव होतो आणि थोडीफार लघवी होत असेल तर तीही जाते.

"आधीच वीस गोळ्या, त्यात आणखी एक कशाला?" हा आक्षेप मला पूर्ण पटतो. म्हणूनच क्रम असा: आधी शिवशिव वाढवणारी गोळी शोधा, मग लोह, मग व्यायाम आणि शिफ्ट, आणि नवी गोळी सगळ्यात शेवटी.

पाय शांत झाल्यावरही धास्ती, रडू, डायलिसिसला जायची टाळाटाळ चालू राहिली तर चिंतेचा स्वतंत्र इलाज हवा. समुपदेशनाने विचारांची सवय बदलण्याचे उपचार होतात आणि त्यात मूत्रपिंडांचा प्रश्नच येत नाही. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ क्रमांकावर मोफत आहे. "आता डायलिसिस नको, सुटू दे मला," असं कोणी म्हणालं तर ते चिडून म्हटलंय असं धरून चालू नका. त्याच दिवशी बोला, एकटं सोडू नका.

डॉक्टरांच्या दोन मिनिटांत काय सांगायचं?

राउंड घाईत असतो. त्या वेळात "पैर दुखते हैं" एवढंच म्हटलं तर वेदनाशामकच मिळणार. आठवडाभर एका कागदावर रोज एक ओळ लिहा. उदाहरणार्थ: मंगळवार, डायलिसिस झालं, पायांचा त्रास तिसऱ्या तासापासून, रात्री ११ ते २ झोप नाही, चालल्यावर दहा मिनिटं बरं, संध्याकाळी एक एविल घेतली. सोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घाला, दुसऱ्या डॉक्टरांच्या आणि मेडिकलवाल्याकडून आणलेल्यासुद्धा. शेवटचे फेरिटिन-टीसॅटचे आकडे आणि लोहाचं शेवटचं इंजेक्शन कधी झालं ती तारीख लिहा. डॉक्टर पलंगाशी आले की पहिलं वाक्य हेच म्हणा: "बसलं की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, चाललं की थांबतं, रात्री जास्त होतं." कागदाची एक प्रत सेंटरच्या फाइलला लावून ठेवा, म्हणजे शिफ्ट बदलली आणि टेक्निशियन नवा आला तरी पायाशी फळी का हवी आणि पेरिनॉर्म का नको, हे त्याला वाचून कळेल.